थ्रीडी स्कॅनवरून ओठ आणि चेहरा मोजताय? या चुका टाळा

एकाच माणसाचे पाठोपाठ दोन स्कॅन घेतले आणि तोंडाची रुंदी दोन मिलीमीटरनी वेगळी आली, की सगळे आधी कॅमेऱ्यावर संशय घेतात. कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या मापाशी कॅमेरा जुळवणं) झालंय का ते बघाच, पण बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा काही दोष नसतो, ओठ हललेले असतात. कपाळ, नाकाचं हाड जागच्या जागी राहतं, ओठ म्हणजे नुसता स्नायू आणि त्वचा, त्यात समोर कॅमेरा आला की माणूस नकळत ओठ आवळतो.

म्हणून "नॉर्मल बसा" एवढं सांगून भागत नाही. लाळ गिळायला सांगा, एकदा "मम्म" म्हणायला लावा, मग दात हलके टेकवून ओठ सैल सोडायला सांगा, आणि दर वेळी हेच, याच क्रमाने. काही जणांचे ओठ सैल सोडल्यावर मिटतच नाहीत, पुढचे दात बाहेर असले की हे हमखास दिसतं, अशांना मुद्दाम तोंड मिटायला लावू नका कारण मग हनुवटीवर खळगे पडतात, खालचा ओठ वर ताणला जातो आणि ओठांची उंची सरळ सरळ खोटी येते. उघडे राहतात तर उघडेच घ्या आणि तशी नोंद करा. मान सरळ हवी, नजर समोर लांब ठेवलेल्या आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे. बसून घेतलेला स्कॅन आडवं झोपवून घेतलेल्याशी ताडून बघू नका, मऊ भाग गुरुत्वाकर्षणाने सरकतो.

आता चकाकी. ओल्या किंवा लिप ग्लॉस लावलेल्या ओठांवर प्रकाश चमकतो, ती चमक प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळ्या जागी दिसते आणि सॉफ्टवेअर तिलाच खरा पृष्ठभाग समजून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंतल्या जागांच्या जोड्या लावतं. मेशमध्ये, म्हणजे छोट्या त्रिकोणांनी बनलेल्या थ्रीडी पृष्ठभागात, ओठावर विनाकारण टेंगूळ किंवा भोक दिसलं तर आधी टिश्यूने ओठ पुसून परत स्कॅन घ्या, सॉफ्टवेअरचं भोक बुजवायचं बटण दाबू नका, ते भोक अंदाजाने भरतं आणि तुम्ही तो अंदाज मोजत बसता. मिशी असेल तर वरच्या ओठाची मापं सोडूनच द्या, तिथे त्वचा नाही, केस मोजले जातात.

मोबाइलबद्दल खूप जण विचारतात. २०१७ च्या आयफोन टेनपासून बहुतेक आयफोनमध्ये पुढच्या बाजूला इन्फ्रारेड ठिपके टाकणारा डेप्थ कॅमेरा मिळतो, चेहऱ्याची रुंदी-लांबी ढोबळ बघायला तो चालतो. पण क्लिनिकमधली स्टिरिओ कॅमेऱ्यांची सिस्टीम काही मिलीसेकंदांत सगळं टिपते, मोबाइलने स्कॅन करायला कित्येक सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस श्वास घेतो, ओठ हलवतो, शिवाय ॲप मेश गुळगुळीत करतं त्यात नाकाखालची पन्हाळ आणि वरच्या ओठाची धनुष्यासारखी कड बोथट होते. ओठांच्या बारीक मापांसाठी मी तरी मोबाइलवर विसंबणार नाही.

एक्स्पोर्ट करताना होणारी चूक तर फारच कॉमन आहे. एसटीएल हा थ्रीडी मॉडेल साठवायचा एक फाइल प्रकार, त्यात साधारणपणे रंग जात नाही, आणि ओठाची कड म्हणजे मुळात रंगाचीच सीमा, त्वचा संपून लाल भाग सुरू होतो ती. राखाडी मेशवर ती कड शोधणं म्हणजे अंधारात तीर मारणं, त्यामुळे टेक्स्चरसकट (म्हणजे मेशवर चढवलेल्या रंगीत फोटोसकट) ओबीजे प्रकारची फाइल ठेवा (सोबतची इमेज आणि ती इमेज मेशशी जोडणारी एमटीएल फाइल एकाच फोल्डरमध्ये हवी, नाहीतर रंग गायब). एसटीएलमध्ये एककही नसतं. तोंडाची रुंदी ५० (मिलीमीटर) च्या आसपास यायच्या ऐवजी ०.०५ आली तर घाबरू नका, ॲपने मीटरमध्ये फाइल दिली आहे, हजारने गुणा.

पॉइंट, म्हणजे ज्या खुणांमधलं अंतर मोजायचं त्या मॉडेलवर लावताना अनुभवी लोकांचाही गोंधळ होतो. तोंडाचा कोपरा फक्त समोरून बघून लावू नका, मॉडेल फिरवून बाजूने आणि खालून तपासा, कारण कोपऱ्यात सावली असते आणि मेश तिथेच सगळ्यात कच्चा. जमत असेल तर स्कॅनच्या आधी त्वचेवर आयलायनरने बारीक ठिपके द्या, खूप फरक पडतो. सरळ रेषेतलं अंतर आणि पृष्ठभागावरून वळत जाणारं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी, दुसरं नेहमी जास्त किंवा फार तर सारखं येतं, तक्त्यात कुठलं घेतलंय ते लिहा. टोरोंटोच्या लेस्ली फारकस यांचे चेहऱ्याच्या मापांचे जुने तक्ते अजून सगळीकडे वापरतात पण ती मापं कॅलिपरने (दोन टोकं टेकवून अंतर मोजायच्या साधनाने) घेतलेली, कॅलिपर टेकला की ओठ थोडा दबतो, शिवाय त्यातले मूळ तक्ते उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांचे.

सॉफ्टवेअर ५१.३७ असे दोन दशांश दाखवतं म्हणून तेवढी अचूकता आपल्याकडे आहे असं नाही. माणसाला उठवून परत बसवा, दुसरा स्कॅन घ्या, पहिले पॉइंट न बघता नवे लावा, जो फरक येईल तो तुमचा नॉइज, म्हणजे मोजण्यातलीच चूक. फिलरनंतरचा (ओठ भरीव दिसायला देतात त्या इंजेक्शननंतरचा) बदल त्याहून कमी असेल तर तो बदल म्हणून लिहू नका, आणि सूज उतरायच्या आत मोजू तर अजिबातच नका.

आधी-नंतरचे स्कॅन एकमेकांवर बसवताना अख्खा चेहरा निवडू नका. १९९२ मध्ये बेसल आणि मॅके यांनी मांडलेली आयसीपी पद्धत (दोन स्कॅन आपोआप जुळवायची) त्यांच्यातलं सरासरी अंतर कमी करत जाते, म्हणजे ओठ फुगले असतील तर ती फुगवटा सगळीकडे वाटून टाकते आणि ओठांची वाढ कमी दिसते. फक्त कपाळ आणि नाकाचा वरचा भाग निवडून बसवा. नंतर दोन स्कॅनमधला फरक रंगांत दाखवणाऱ्या नकाशात कपाळच लाल-निळं दिसत असेल तर ओठांचा आकडा वाचूच नका, आधी अलाइनमेंट परत करा.