अंदमानातून सुटलेल्या कैद्याचा परतीचा प्रवास सरकारी कागदांत कसा शोधावा

सुटकेचा हुकूम सापडला की शोध संपला, असं बरेच जण धरून चालतात. हुकुमावरून एवढंच कळतं की शिक्षा संपली. माणूस कोणत्या बंदरातून आणि कोणाच्या खर्चाने परतला, हे त्यानंतरच्या पत्रव्यवहारात असतं. मुंबई इलाख्यातल्या कैद्याच्या बाबतीत तो तीन ठिकाणी विखुरतो: पोर्ट ब्लेअर, भारत सरकारचं होम डिपार्टमेंट आणि मुंबईचं ज्युडिशियल डिपार्टमेंट.

आधी वर्षाचा अंदाज बांधा. जन्मठेप असेल तर शिक्षेच्या सालात 20 मिळवा आणि तिथून पुढची काही वर्षं चाळा. सर्वसाधारण माफीची वर्षं वेगळी तपासा: 1877चा दिल्ली दरबार, 1887ची व्हिक्टोरिया राणीची ज्युबिली, डिसेंबर 1919ची राजघोषणा. अशा वेळी सुटका घाऊक होत असे. नावं हुकुमासोबतच्या यादीत जातात, दप्तराच्या सूचीत येत नाहीत, त्यामुळे नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

होम डिपार्टमेंटचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतले पुष्कळसे ‘अभिलेख पटल’वर पाहता येतात. शोध इंग्रजीतून घ्या: कॉन्व्हिक्ट, रिलीज, पॅसेज, टाइम-एक्स्पायर्ड (शिक्षेची मुदत संपलेला), जोडीला पोर्ट ब्लेअर. प्रोसीडिंग्ज, म्हणजे खात्याच्या कामकाजाचे महिनावार नोंदवलेले कागद, ‘ए’, ‘बी’ आणि ‘डिपॉझिट’ अशा तीन वर्गांत असतात. ‘ए’ छापलेली आणि सविस्तर. एकट्यादुकट्या कैद्याच्या भाड्यासारखं किरकोळ काम बहुधा ‘बी’त ढकललेलं असतं. ‘के. डब्ल्यू.’ (‘कीप विथ’, म्हणजे मूळ कागदांसोबत ठेवलेली टिपणं) असा शेरा दिसला तर तो भाग सोडू नका. ‘खर्च कोणी सोसायचा’ यावरची कारकुनांची खरी हुज्जत तिथेच असते, बाहेर गेलेल्या पत्रात नुसता निकाल. आणखी एक खाच: प्रोसीडिंगचा महिना म्हणजे पत्राचा महिना नव्हे. मार्चचं पत्र मेच्या प्रोसीडिंगमध्ये निघू शकतं.

मुंबईचे कागद काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. मागणी चिठ्ठीवर खातं, साल, व्हॉल्यूम क्रमांक आणि कंपायलेशन क्रमांक (व्हॉल्यूममधल्या एकेका प्रकरणाचा क्रमांक) लिहा. कंपायलेशन क्रमांक राहिला तर अख्खा जाडजूड व्हॉल्यूम पानोपान उलटावा लागतो. घरच्यांनी केलेला मराठी अर्ज जोडलेला असेल तर तो मोडीत असू शकतो. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतला इंग्रजी गोषवारा असला तरी मूळ अर्ज वाचून घ्या. गोषवाऱ्यात गाव आणि नातं हमखास गळतं.

पत्र हातात आलं की मजकुराआधी त्याचा माथा उतरवा: कोणाकडून, कोणाला, क्रमांक, तारीख, ठिकाण. ठिकाण सिमला असेल तर गोंधळू नका, उन्हाळ्यात सरकारच तिथे असे. पहिल्याच वाक्यात आधीच्या पत्राचा क्रमांक येतो. तो धरून एकेक पत्र मागे जा. ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा महिना, ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू. रक्कम 12-8-0 अशी असेल तर ती रुपये-आणे-पै: साडेबारा रुपये. शेवटी ‘प्रत रवाना’ अशा अर्थाचा शेरा असतो, तो नक्की टिपा. प्रत कोणत्या तुरुंगाला किंवा मॅजिस्ट्रेटला गेली, त्यावरून माणूस कुठे पाठवायचं ठरलं हे समजतं.

नावावर भिस्त ठेवू नका. ठाण्याचं ‘टन्ना’, साताऱ्याचं ‘सट्टारा’ होणाऱ्या कागदांत माणसाच्या नावाचं काय होत असेल! नॉमिनल रोलमधला (कैद्यांच्या नावनिशीवार यादीतला) कैदी क्रमांक, बापाचं नाव, शिक्षा देणारं कोर्ट आणि शिक्षेची तारीख यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय तोच माणूस म्हणू नका.

मार्ग ठरवताना रेल्वेचं साल लक्षात घ्या. कोलकाता-मुंबई सलग लोहमार्ग 1870 साली झाला, मद्रास-मुंबई 1871 साली. त्याआधीची सुटका असेल तर कोलकाता किंवा मद्रासहून मुंबईपर्यंतच्या टप्प्यासाठीही जहाजाचा पत्रव्यवहार शोधा. कैदी अंदमानाऐवजी सिंगापूर किंवा पेनांगला असेल तर 1 एप्रिल 1867नंतर ती वसाहत भारत सरकारकडे राहिली नाही. कागद लंडनच्या कलोनियल ऑफिसच्या दप्तरातही पाहावे लागतील.

भाड्याची मंजुरी सापडली, पण पोचल्याचा कागद नाही, असंही होतं. मंजुरीला प्रवासाचा पुरावा समजू नका. सुटलेले काही जण अंदमानातच राहिले, काही वाटेत वारले. पोर्ट ब्लेअरच्या पुढच्या वर्षाच्या फायली आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटचा पत्रव्यवहार पाहून झाल्यावरच ‘परतला’ असं लिहा; तोवर ‘मंजुरी मिळाली’ एवढंच.