सुट्टीतलं वाचन : दुःख आणि न्याय एकत्र कसे वाचावेत

उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची धरली, तर या विषयाला पाच वाचनं पुरतात. जास्त घेऊ नका. दुःखाची पुस्तकं ओळीनं वाचत गेलं की तिसऱ्यापाशी मन बधिर होतं. पानं उलटली जातात, आत काही उतरत नाही. म्हणून लांब वाचनं दोनच घ्यायची आणि त्यांच्या आगेमागे आखूड, पण टोकदार मजकूर ठेवायचा. खालचा क्रम तसाच लावला आहे.

आधी वही. दोनशे पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर एकच प्रश्न लिहा : हे कुणामुळे झालं, आणि कुणाला थांबवता आलं असतं? उजव्या पानावर दुसरा : ज्यानं सोसलं तो स्वतः याबद्दल काय म्हणतो? उजवीकडे त्याचेच शब्द उतरवायचे, पान क्रमांकासह. तुमचं मत वहीच्या शेवटच्या पानांवर, वेगळं. ही शिस्त जाचक वाटते, पण तिच्याशिवाय हमखास एक चूक होते. आपण दुसऱ्याच्या दुःखाला परस्पर अर्थ देऊन टाकतो, आणि अर्थ लागला की डावं पान भरायची गरजच वाटेनाशी होते.

पहिला आठवडा : मुक्ता साळवे

पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तो काही पानांचाच आहे. एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. वाचताना पेन्सिलीनं एकच खूण करा : ती कुणाशी बोलते आहे ते जिथं बदलतं तिथं. कधी ती देवाला विचारते, कधी वेद फक्त आमचेच म्हणणाऱ्या ब्राह्मणांना, आणि शेवटी आपल्याच लोकांना ज्ञानाचं औषध घ्या म्हणून सांगते. मधे पेशवाईतली गोष्ट येते : तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून गुलटेकडीच्या मैदानात खेळत. पुढं बाळंत होणाऱ्या बायका येतात, ज्यांच्या घरावर छप्परही नाही. या दोन्ही गोष्टी डाव्या पानावर उतरवा. ‘बिचारे’ असा सूर मनात येऊ लागला तर परत पहिल्या ओळीपासून वाचा. निबंध दया मागत नाही, जाब मागतो.

दुसरा आठवडा : तीन अभंग, फक्त तीन

हा आठवडा सगळ्यात लहान दिसतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून क्रमांकावर विसंबू नका. मागच्या चरणसूचीत पहिली ओळ शोधा.

पहिला, ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’. (काही प्रतींत शेवटचा शब्द ‘वेवसाय’ आहे.) तुकोबांनी स्वतःची हकिकत सांगितलेला हा अभंग. त्यात दुष्काळाची ओळ आहे : ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. दुसरा, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. दुष्काळ एक, माणूस एक. एकीकडे अन्न अन्न करत गेलेली बायको, दुसरीकडे ‘बरें जालें’. दोन्ही अभंग वहीत समोरासमोर उतरवा आणि एक दिवस काही न लिहिता नुसते वाचा.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न घ्या : ‘बरें जालें’ म्हणायचा अधिकार कुणाला? ज्याच्या घरात ते मरण आलं तो म्हणतो, तेव्हा तो त्याचा स्वतःचा निवाडा असतो. गावच्या सावकारानं हेच वाक्य उच्चारलं असतं तर? गटात इथं मतभेद होतात आणि व्हायलाच हवेत. काहींना दुसरा अभंग खरा वाटतो आणि पहिला निव्वळ तपशील. काही जण उलट म्हणतात. एकाला दुसऱ्यानं खोडू देऊ नका. दोन्ही त्याच माणसाचे आहेत, एवढं धरून ठेवा.

तिसरा कर्ममेळ्याचा, ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती’. चोखामेळ्याचा हा मुलगा जन्म उष्टं खाण्यात गेल्याचं सांगून देवालाच लाज वाटत नाही का, असं विचारतो. इथं वहीची अडचण होते, कारण डाव्या पानाचा प्रश्न सोसणाराच विचारतो आहे. मग अभंग दोन्ही पानांवर लिहा.

तिसरा आणि चौथा आठवडा : ईयोब

बायबलच्या जुन्या करारातलं हे पुस्तक 42 अध्यायांचं आहे. ईयोब नावाच्या सज्जन माणसावर अपराध नसताना कोसळलेल्या संकटांची ही गोष्ट. लोक पहिले दोन आणि शेवटचा अध्याय वाचून मधलं सोडतात. मग उरते ती ‘धीर धरला आणि दुप्पट मिळालं’ एवढीच गोष्ट. खरा वाद मधेच आहे. तो लांब आहे, म्हणून पहिल्या फेरीत निवडून वाचा.

पहिल्या दिवशी 1 ते 3. ईयोबाची मुलं जातात, मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसतात. नंतर ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मग मित्रांची पहिली भाषणं : 4, 5, 8 आणि 11. प्रत्येकाचा पुरावा एका ओळीत टिपा. अलीफज रात्रीच्या दृष्टान्ताचा हवाला देतो, बिल्दद पूर्वजांच्या शहाणपणाचा, आणि सोफर म्हणतो की तुला मिळालेली शिक्षा तुझ्या अपराधाहून कमीच आहे. तिघांपैकी एकही ईयोबानं नक्की काय केलं ते तपासत नाही. गप्प बसले होते तोवर ते बरे मित्र होते.

पुढं 9, 19, 21 आणि 24. चोविसावा अध्याय सावकाश वाचा. तिथं ईयोब स्वतःचं दुःख बाजूला ठेवून शेताच्या सीमा सरकवणाऱ्यांबद्दल, विधवेचा बैल गहाण ठेवून घेणाऱ्यांबद्दल आणि पेंढ्या वाहूनही उपाशी राहणाऱ्या मजुरांबद्दल बोलतो. त्यानंतर 29 ते 31, मग 38 ते 42. मित्रांनंतर बोलणाऱ्या अलीहू या तरुणाची भाषणं, 32 ते 37, दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

शेवटच्या अध्यायात परमेश्वर मित्रांवर रागावतो आणि ईयोबच योग्य बोलला असं सांगतो. गुरंढोरं दुप्पट होतात. मुलं मात्र पहिल्याइतकीच होतात, सात मुलगे आणि तीन मुली. गटात विचारा : आधीच्या दहांचं काय? तयार उत्तर देऊ नका.

पाचवा आणि सहावा आठवडा

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 चं. त्यामागं सुरतेचा खटला होता : अर्भकहत्येसाठी विजयालक्ष्मी या विधवेला 1881 मध्ये फाशी सुनावली गेली, अपिलात ती टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही माहिती आधी वाचून घ्या, नाहीतर पुस्तकाचा संताप अधांतरी वाटतो. कोर्टानं एकीला दोषी ठरवलं. ताराबाई आरोपींची यादी किती लांबवतात ते डाव्या पानावर मांडा. वाक्यं लांबलचक आहेत, रोज दहाच पानं वाचा.

बेबी कांबळे यांचं आत्मकथन ‘जिणं आमुचं’ मुद्दाम शेवटी. गावानं महारवाड्यावर केलेला अन्याय आणि महारवाड्यातल्या घरात सुनांवर झालेले अत्याचार, दोन्ही त्यात आहेत. वाचक बहुधा सोयीचा अर्धा भाग लक्षात ठेवतात. त्यासाठी डावं पान उभी रेघ मारून दोन भागांत वाटा : घराबाहेरचं आणि घरातलं. मारहाणीची वर्णनं थेट आहेत. शाळकरी मुलं सोबत असतील तर मोठ्यांनी आधी वाचून प्रकरणं निवडावीत.

गट बसवताना

पाच ते सात जण, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर दीड तास. पहिली वीस मिनिटं फक्त मोठ्यानं वाचन. न वाचून आलेल्यालाही त्यामुळे बसता येतं. नंतर प्रत्येकानं वहीतली एक ओळ वाचायची, मत नाही. चर्चा त्यानंतर. ‘आता असं राहिलं नाही’ हे वाक्य लवकर येतं. त्यावर वाद घालण्याऐवजी मजकुरातली कोणती गोष्ट राहिली नाही ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

गटात एखाद्याच्या जातीचा किंवा घरातल्या प्रसंगाचा मजकुराशी संबंध असेल, तर त्याला ‘तू सांग ना’ म्हणून पुढं करू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल. ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे, त्याला ईयोबाच्या आठवड्याला न येण्याची मुभा आधीच द्या, आणि कारण विचारू नका.