तलवार किती, तोंड किती? टेबलावरच्या मोहिमेत लढाई आणि संवादाचा मेळ कसा घालावा

फोंड्यात कुणाच्या तरी घरी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जमलेत, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. बाहेर आषाढाचा पाऊस. सराईतल्या गप्पांत पहिला तास झकास जातो. मग गॉब्लिन, म्हणजे छोटे खट्याळ राक्षस, येतात आणि पुढे नुसते आकडे चालू होतात. फाशावर सतरा, वार लागतो का? लागतो. सात डॅमेज, म्हणजे इजा. पुढचा कोण? ज्याची पाळी नाही त्याचा मोबाइल बाहेर. कधी याच्या नेमकं उलट होतं. एक जण दरबारात पाऊण तास भाषण ठोकतो आणि हौसेने योद्धा बनवून आलेला बिचारा चकल्या संपवतो.

दोष खेळाडूंचा कमी, खेळाच्या जन्माचा जास्त. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला तो छोटे पुतळे मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्यामुळे मारामारीला पानंच्या पानं नियम आणि बोलण्याला मोजकेच. शिवाय पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी कथेतल्या ६ सेकंदांची असते. तीन फेऱ्या म्हणजे १८ सेकंद, पण पाच खेळाडूंच्या टेबलावर त्यांना सहज पाऊण तास लागतो. म्हणून अर्धा वेळ गप्पांना, अर्धा मारामारीला अशी वाटणी करू नका, ती पहिल्याच रात्री मोडते. लढाईत बोलायला कारण द्या आणि बोलण्यात काहीतरी पणाला लावा.

१. आधी विचारून घ्या

मोहीम सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी ठेवा. ‘लढाई आवडते का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘तुझं पात्र कशासाठी जीव देईल? आणि कशासमोर पळून जाईल?’ जत्रेच्या नाटकात काम करणारा आणि व्हिडिओ गेमवर वाढलेला, दोघांची उत्तरं वेगळी येतील. ती डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वहीत लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या लढाया तिथूनच निघतात.

२. लढाईला मारण्यापलीकडचं काम द्या

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. समजा तुमच्या काल्पनिक गावात खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती. खाडीच्या बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, असते. तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. गॉब्लिनांनी एक दार फोडलंय आणि खारं पाणी भातात घुसतंय. आता गॉब्लिन किती मेले याला फारसा अर्थ राहत नाही, दार बंद व्हायला हवं. पहिल्या फेरीला पाणी घोट्यापर्यंत, तिसरीला गुडघ्यापर्यंत, पाचवीला कमरेपर्यंत. दोघांनी सलग दोन फेऱ्या फळ्या दाबून धरल्या तर दार बसतं. म्हणजे योद्ध्याने तलवार खाली ठेवायची की नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो भूमिकेचा प्रश्न आहे.

त्यात आणखी एक पीळ घाला. मानशीत सापडणाऱ्या मासळीचा लिलाव होतो. तो ज्या ठेकेदाराने घेतलाय, त्यानेच गॉब्लिनांना मासळीचा वाटा कबूल करून दार फोडायला लावलंय. पाण्यात उभा राहून कुणी ‘तुम्हाला काय कबूल केलंय?’ असं ओरडलं, तर अर्धी टोळी थबकते. बांधावर देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, उभा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण तो कुणाच्या बाजूने लढणार नाही. त्याचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, कुणी पोचवला होता, एवढंच तो बघतो.

३. लढाईच्या आत तोंड उघडू द्या

पेडण्यात दशावतार बघितला असेल तर हे वेगळं सांगायला नको. संहिता हातात नसते, संवाद तिथल्या तिथे सुचतात, आणि राजा व राक्षस एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढल्याशिवाय तलवारीला हात घालत नाहीत. तेच इथे करा. प्रत्येक पाळीला एक वाक्य फुकट. शत्रूलाही.

आणि शत्रूला घाबरू द्या. जुन्या नियमांत यासाठी छान सोय होती: टोळीतला पहिला पडला की, आणि अर्धे गारद झाले की, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्या टोळीच्या हिमतीच्या आकड्यापेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. साध्या गॉब्लिनांसाठी ७ धरा. लढाई लवकर आटोपते आणि हाती एक कैदी लागतो, ज्याच्याशी बोलावंच लागतं.

४. बोलण्याला वजन द्या

चांगलं बोलणाऱ्या खेळाडूला नुसत्या अभिनयावर सगळं मिळू देणं मला पटत नाही. पात्राचा करिष्मा, म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची ताकद, ८ इतका कमी लिहायचा आणि खेळताना मात्र वकिली करायची, ही लबाडी झाली. उलट लाजाळू माणसाने दरबारात गप्प बसायचं, हेही बरं नव्हे. त्याला म्हणा, ‘तू काय सांगणार आहेस तेवढं सांग, ते कसं वठलं ते फासा ठरवेल.’ सोप्या कामाला १० गाठायचे, मध्यमला १५, अवघडला २०. मुद्दा खरोखर बिनतोड असेल तर अ‍ॅडव्हांटेज द्या, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. फाशाने दगा दिला तरी ‘नाही’ म्हणून विषय संपवू नका. ठेकेदार गुन्हा कबूल करेल, पण त्याबदल्यात काहीतरी मागेल.

५. आकड्यांचा वेळ कापा

पाळीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा लिहा. ‘आता तू, मग तू’ असं पुढच्यालाही आधीच सांगा. हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकदमच टाका. राक्षसांचं डॅमेज दर वेळी टाकत बसू नका, सरासरी आकडा त्यांच्या माहितीत छापलेलाच असतो.

६. विश्रांतीकडे लक्ष ठेवा

ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने धरले होते. तीन तासांच्या बैठकीत तेवढे होत नाहीत. गप्पांनी भरलेल्या दिवशी एकच लढाई होते आणि जादूगार सगळे मोठे मंत्र तिथेच उडवतो, योद्धा बघत राहतो. त्यावर त्याच पुस्तकात उपाय आहे: छोटी विश्रांती ८ तासांची, आणि जादूगाराला खर्चलेले मंत्र परत देणारी मोठी ७ दिवसांची. मग आठवडाभराची वाटाघाट आणि दोन-तीन चकमकी एकाच हिशेबात बसतात, आणि आज मंत्र खर्चावा की जीभ, हा विचार जादूगारालाही करावा लागतो.

७. उठण्याआधी एक प्रश्न

‘आज कुठे कंटाळा आला?’ एवढंच विचारा, आणि उत्तर आलं की स्वतःची बाजू मांडत बसू नका. दोघांनी लढाईचं नाव घेतलं तर पुढच्या वेळी लढाई कापायची घाई नको, आधी तिचं काम बदला. दरबाराचं नाव घेतलं तर पुढच्या दरबारात दार आतून बंद करा आणि पहारेकऱ्याला किल्ली गिळायला लावा.