वस्तादांकडून तालमीची मेहनत कशी शिकावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या तालमी अजून टिकून आहेत, आणि त्यांच्या कट्ट्यावर सत्तरी ओलांडलेले वस्तादही भेटतात. त्यांच्याकडून मेहनत शिकायची असेल तर जूनमध्ये सुरुवात करा. कुस्तीची मैदाने मुख्यतः सुगीनंतर, यात्रांच्या दिवसांत भरतात. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यातली गर्दी बघून मार्चमध्ये तालमीत शिरलेला नवखा लगेच लढत मागतो, आणि अंग तयार नसताना खांदा नाहीतर गुडघा दुखावून घेतो.

पहिल्या दिवशी नारळ आणि उदबत्ती मारुतीपुढे ठेवा, वस्तादांच्या पाया पडा आणि जुनी दुखणी सांगून टाका: गुडघा, कंबर, हर्निया, रक्तदाब, सगळे. चाळिशीपुढच्यांनी त्याआधी डॉक्टरांना भेटावे. नखे कापलेली हवीत, अंगठी-कडे घरी ठेवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल तर तेही घ्या, मातीत खरचटणे रोजचेच आहे.

बहुतेक वस्ताद आधी हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, खणायला लावतात. ही हमाली समजू नका, पाठ आणि पकड इथेच तयार होते. खोऱ्याने वीतभर माती उकरा, ढेकळे फोडा. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, दर दहा-पंधरा फटक्यांनी पुढचा हात बदला. एकाच बाजूने खणत राहिलात तर कमरेची तीच बाजू धरते. मग मूठभर माती आवळून बघा. गोळा व्हावा आणि बोटाने दाबताच फुटावा. गोळा होत नसेल तर माती कोरडी आहे. कातडी सोलते, धूळ नाकात जाते. हाताला चिकटली तर ओल जास्त. खानापूरकडच्या पावसात ती लवकर सुकत नाही, तेव्हा लढत थांबवून मेहनत कोरड्या फरशीवर करतात. मातीत हळद, ताक, तेल, काव किती घालायचे हे वस्तादांवर सोडा. पण हळद आहे म्हणून नायटा होणार नाही असे धरून चालू नका. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवा, दुसऱ्याचा वापरू नका, आणि अंगावर चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत हौदात उतरू नका.

आता जोर. तळवे खांद्यांइतक्या अंतरावर, पाय त्याहून थोडे फाकलेले, कंबर वर. छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत पुढे न्या, डोके वर काढा आणि कंबर उचलत मागे या. खाली जाताना श्वास आत घ्या, मागे येताना सोडा. कोपरे बाहेर फाकली की सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो. ती बरगड्यांजवळ ठेवा. पोट सैल सोडले की कंबर खाली लोंबते आणि दुसऱ्या दिवशी पाठ आखडते.

बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात आणि भार चवड्यांवर येतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. तो आत वळू लागला तर मांडी थकली आहे, तिथेच थांबा. खाली आपटून बसून उसळी मारत उठणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी सवय, कारण तो झटका गुडघ्याच्या वाटीवर बसतो.

पहिल्या आठवड्यात १० जोरांचे दोन फेरे आणि २० बैठकांचे दोन फेरे पुरेत. एका जोराला दोन बैठका हे प्रमाण धरा, आणि दर आठवड्याला फेरीमागे दोन जोर, चार बैठका वाढवा. जुन्या पैलवानांच्या हजार बैठकांचे आकडे ऐकून पहिल्याच दिवशी तीनशे मारू नका. अंगाला सवय नसताना अशा मेहनतीने स्नायू तुटून त्यातला घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर मालीश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

करेल, म्हणजे फिरवायचा लाकडी मुद्गल, तिसऱ्या महिन्यात हातात घ्या, तोही दोन-अडीच किलोचा. मूठ गाठीजवळ, मनगट सरळ, आणि करेल पाठीमागे सोडताना कोपर वर. पाठ मागे वाकली तर वजन जास्त आहे. घामट हाताला आधी कोरडी माती चोळा, आणि मागे कुणी उभे नाही ना हे बघून घ्या.

वयामुळे वस्ताद स्वतः जोर मारून दाखवणार नाहीत. ते कंबरेला हात लावतील किंवा काठीच्या टोकाने गुडघा सरकवतील. तो स्पर्श झाला की तिथेच थांबा आणि तसाच पवित्रा पाच श्वास धरा, म्हणजे अंगाला जागा कळते. चिकोडीकडे ‘निधान’ म्हणजे सावकाश आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, हे दोन कानडी शब्द आधी शिका. साकु म्हटल्यावर मोजणी अठरावर असली तरी वीस पूर्ण करायला जायचे नाही. पाय थरथरण्याआधी लय बिघडते आणि ती त्यांना दिसलेली असते. मेहनत चालू असताना प्रश्न विचारू नका. घाम वाळेपर्यंत कट्ट्यावर त्यांच्याजवळ बसा आणि दिवसाला एकच विचारा, पण नेमके: ‘वस्ताद, डावा खांदा आधी का थकतो?’ सगळे एकदम विचारलेत तर ‘करत राहा’ एवढेच उत्तर मिळेल.

रोप लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आलात तर त्या दिवशी जोर निम्मे, बैठका बंद. पंधरा दिवस खंड पडला तर जुन्या आकड्याच्या निम्म्यावरून परत सुरू करा.