पॉइंटर दिला तरी नक्कलच जाते

सोलापुरात डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंगला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुलं स्वॅपचं (दोन किमतींची अदलाबदल करणारं) फंक्शन पाठ करून येतात आणि पुढच्याच प्रश्नाला अडतात. सीमध्ये फंक्शनला जे देतो त्याची नक्कल जाते. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, दिला तर पत्त्याचीही नक्कलच. एवढं मनात पक्कं असेल तर पाठांतर लागत नाही.

नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानाचा हिशेब घ्या. (नावं कळायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिली आहेत.) मेनमध्ये, म्हणजे मुख्य फंक्शनमध्ये, साठा = 40. विक्री(साठा) असा कॉल करून आत 3 वजा केले, तरी मेनमध्ये 40च राहतात. विक्री(&साठा) लिहा, म्हणजे साठ्याचा पत्ता जाईल; पॅरामीटर इंट *प ठेवा आणि आत *प = *प - 3 करा; आता 37 मिळतील. तारा (*, म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत) विसरून प = प - 3 लिहिलं तरी कंपायलर गप्प बसतो. साठा हलत नाही, प मात्र भलतीकडे जातो. *प-- लिहिलं तरी तेच, कारण -- आधी पॉइंटरला लागतं. (*प)-- असा कंस हवाच.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफला & लागतो तो याच कारणाने. अ‍ॅरेला लागत नाही. नाव दिलं की पहिल्या घटकाचा पत्ता जातो. म्हणून 10 इंटच्या अ‍ॅरेचा साइझऑफ (बाइटमधला आकार) मेनमध्ये 40 येतो आणि फंक्शनच्या आत, 64-बिट मशीनवर, 8. लांबी वेगळी पाठवा. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर इंट 2 बाइटचा असतो, तेव्हा तिथले आकडे पाहून गोंधळू नका.

खरी गोची मॅलॉकची, म्हणजे नवी मेमरी मागून तिचा पत्ता देणाऱ्या फंक्शनची. पॉइंटर नल (कुठलाच पत्ता नसलेला) करून फंक्शनला दिला आणि आत प = मॅलॉक(...) केलं, तर नवा पत्ता नकलेतच पडतो. मेनमधला पॉइंटर नलच राहतो, तो वापरला की सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम बंद पडतो, आणि घेतलेली मेमरीही हातची जाते. बदलायचा आहे तो पॉइंटर, तर त्याचाच पत्ता द्या: पॅरामीटर इंट **प, आत *प = मॅलॉक(...). लिंक्ड लिस्टच्या (पत्त्यांनी जोडलेल्या यादीच्या) सुरुवातीला नोड जोडताना हेड, म्हणजे पहिल्या नोडचा पॉइंटर, बदलत नाही, तेही यामुळेच. नवा पत्ता रिटर्न केला तरी चालतं. फंक्शनमधल्या साध्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता मात्र कधीच रिटर्न करू नका. फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही.

सराव कागदावर करा. मेनचे चौकोन डावीकडे, फंक्शनचे उजवीकडे, प्रत्येकात किंमत आणि बाजूला पत्ता. मग लिनक्सवर जीसीसी या कंपायलरची वॉर्निंग आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू ठेवून तोच प्रोग्राम चालवा. चूक असेल तर बहुतेक वेळा ओळीच्या क्रमांकासकट सापडते.