वीज लावली म्हणून प्रथिन चिकटलं, असं लगेच धरू नका

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज, म्हणजे ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम (एक प्रथिन), बसवायला घेतलं. आईला ते समजावताना मात्र सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींपासून सुरुवात करावी लागली, कारण आम्ही वापरत होतो ते कायटोसान त्याच सालींपासून बनतं. ते सौम्य आम्लात विरघळतं आणि पीएच साधारण साडेसहाच्या वर गेला की थिजतं. सगळी करामत या एका गुणाची आहे. ऋण इलेक्ट्रोडवर प्रवाह सोडला की तिथले हायड्रोजन आयन खर्ची पडतात, पृष्ठभागालगतचा पीएच चढतो आणि थर नेमका तिथेच धरतो. द्रावणात मिसळलेलं एन्झाइमही त्या जाळ्यात अडकतं. एन्झाइम इलेक्ट्रोडची, म्हणजे एन्झाइम बसवून पदार्थ मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची, कल्पना क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी 1962 मध्येच मांडली होती. इथे मात्र ते एन्झाइम हवं त्याच जागी, हवं तेव्हा बसवता येतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

सुरुवातीला घाईने प्रवाह वाढवला, तर हायड्रोजनचे बुडबुडे सुटून थराची चाळणी झाली. प्रवाह कमी ठेवा, वेळ थोडा जास्त द्या. चांगला थर दिव्याखाली तिरका धरल्यावरच दिसतो, पेजेवर धरलेल्या पातळ सायीसारखा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. खाऱ्या दमट हवेने तारा जोडायच्या क्रोकोडाइल क्लिपा हिरव्या पडतात, संपर्क नीट होत नाही आणि दोष आपण द्रावणाला देत बसतो. पावसाळ्यात तर रोज घासून घ्या.

पण खरा धडा वेगळाच. सरांनी विचारलं, "प्रवाह न देता तोच इलेक्ट्रोड तेवढाच वेळ बुडवून ठेवलास का?" ठेवला नव्हता. ठेवून पाहिला, तर त्यावरही ग्लुकोजचा सिग्नल आला! प्रथिनं सोन्यावर आपणहूनही चिकटतात, हे मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. दोन आठवड्यांची आकडेवारी बाजूला ठेवली. मग प्रत्येक वेळी बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) तीनदा धुतलं, शेजारी बिनप्रवाहाची जोडी ठेवली, तेव्हा कुठे दोघांमधला फरक विश्वासाने सांगता आला. थर सुकू देऊ नका, सुकला की सुटतो. आणि वहीत बिनप्रवाहाच्या इलेक्ट्रोडचा रकाना पहिल्याच दिवशी आखून ठेवा.