वाडा पाडताय? तळमजल्यावर तांबटाची जागा अशी ठेवा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या करायचं काम मी करतो. इथल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडताहेत, पुढे बंबही घडले. वाडा पाडायचं ठरलं की बैठकीत तांबटाला ‘तळमजल्याला गाळा देतो’ एवढ्यावर वाटेला लावतात. मीही एकदा तेच केलं. गुळगुळीत टाइल्स, शटर, खाली तळघरात पार्किंग. तांबटकाकांनी पहिली घागर मठारायला, म्हणजे हातोडीने ठोके मारून पक्की करायला घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मांडणीतली भांडी वाजायला लागली. सहा महिन्यांत त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकत होती.

म्हणून नकाशा काढण्याआधी एक अख्खा दिवस कारखान्यात जाऊन बसा. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. मऊ करायचं तर परत लाल होईपर्यंत तापवावं लागतं. एका भांड्याच्या या अशा किती खेपा होतात ते मोजा. मग ‘दुकान इथे, भट्टी लांब धायरीला’ हा बिल्डरांचा लाडका तोडगा का चालत नाही ते आपोआप कळेल. घडवणारा, मठारणारा, कल्हईवाला एकाच आळीत असले की अर्धवट भांडं हातात घेऊन चालत जाता येतं. तेव्हा कोण कोणाकडे जातं हेही टिपून ठेवा. एकट्याला जागा दिली आणि बाकीचे पांगले तर ती जागा टिकत नाही.

आता खरं काम जमिनीचं. गाळ्याखाली तळघर नकोच. ठोकायचा लोखंडी खुंट जिथे रोवायचा तिथे इमारतीच्या पायापासून सुटा असा काँक्रीटचा ठोकळा घाला. त्याच्याभोवती दोनेक इंचांची फट ठेवून रबर बसवा. ठोकळ्याची खोली स्ट्रक्चरल इंजिनिअरला माती पाहून ठरवू दे, पण तो कुठल्याही कॉलमला चिकटू देऊ नका. आमचे मिस्त्री फट दिसली की मायेने सिमेंटने भरतात, त्यामुळे त्या दिवशी स्वतः उभं राहा. वर टाइल्स नकोत, साधा कोबा करा.

हादरा थांबला तरी आवाज उरतोच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. खुंटाशेजारी मोजलं तर मठारकाम त्यात कधीच बसणार नाही. म्हणून गाळा आणि घरं यांच्यामध्ये जिना, मीटर रूम, पाण्याची टाकी असं काहीबाही आणा आणि तोंड आळीकडे ठेवा. कामाची वेळ, समजा सकाळी नऊ ते एक आणि तीन ते सात, फ्लॅटच्या करारनाम्यातच लिहा. तोंडी सांगितलेलं दुसरा खरेदीदार येईपर्यंतच चालतं.

भट्टीचं धुराडं गच्चीच्या वर न्या. कल्हईत नवसागराचा धूर होतो, तो पहिल्या मजल्याच्या खिडकीत जायला नको. आम्लाने भांडी उजळत असतील तर ते पाणी सोसायटीच्या चेंबरमध्ये सोडू नका, आधी हौदात चुना घालून त्यातलं आम्ल मारा.

कागदांचं थोडक्यात: पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३मध्ये १८ व्यवसायांसाठी सुरू झाली. त्या यादीत लोहार आणि सोनार आहेत, तांबटाचं वेगळं नाव नाही. त्यामुळे काकांना केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिराचं ‘पहचान’ कार्ड काढायला लावा. करारात गाळ्याचा वापर नुसता ‘व्यापारी’ लिहू नका, ‘तांबटकाम, भट्टीसह’ असं लिहा.

आणि बुकिंग सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. काकांना अर्धा तास घागर मठारू दे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या बेडरूममध्ये, स्टीलच्या ताटात चार वाट्या ठेवून बसा. वाट्या वाजल्या तर खाली जाऊन आधी फट तपासा. नव्वद टक्के तिथे सिमेंट सापडेल.